वाकड्या, गाठाळ लाकडातून रिकर्व्ह धनुष्य कसे घडते

धनुष्य ओढले की त्याच्या दोन अंगांवर उलट ताण येतात. लक्ष्याकडची बाजू म्हणजे पाठ. ती ताणली जाते. नेमबाजाकडची बाजू म्हणजे पोट. ते दाबले जाते. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने पसरलेले असतात. ताण ते भरपूर सोसतात, दाब त्या मानाने कमी. म्हणून लाकडी धनुष्य बिघडण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. पाठीवरचा तंतू मध्येच कापला गेला असेल तर तिथून ढलपी उठते आणि धनुष्य मोडते. पोटावर झेपेल त्यापेक्षा जास्त दाब आला तर ते आतल्या आत चुरते, भुजेला, म्हणजे मुठीच्या वरच्या किंवा खालच्या वाकणाऱ्या भागाला, कायमचा बाक येतो आणि बाण हळू जातो.

सरळ, बिनगाठीच्या लाकडात ह्या दोन्ही गोष्टी सांभाळणे त्यातल्या त्यात सोपे. पण असा ओंडका क्वचितच हाती लागतो. बहुतेक वेळा मिळते ते सापासारखे नागमोडी, गाठी असलेले, कुठे उंचवटा तर कुठे खळगा असलेले, थोडे पिळवटलेले लाकूड. त्यातूनही उत्तम धनुष्य होते. अट एकच: सरळ रेष आपण लाकडावर लादायची नाही. तंतू जिथे वळतील तिथे धनुष्यही वळले पाहिजे. सरळ राहायला हवी ती फक्त दोरी, आणि तीही दोन टोकांमधून मुठीच्या मध्यावर.

रिकर्व्ह म्हणजे टोके पाठीच्या दिशेने उलटी वळवलेले धनुष्य. दोरी चढवली की ती ह्या वळणावर टेकते, त्यामुळे सुरुवातीला धनुष्य आखूड असल्यासारखे वागते आणि ओढीच्या पहिल्या काही इंचांतच बराच जोर लागतो. पुढे ओढत गेलो की दोरी वळणावरून सुटत जाते आणि भुजा जणू लांब होते. शेवटच्या इंचांना वजन, म्हणजे ओढायला लागणारा जोर, एकदम चढत नाही. म्हणजे तेवढ्याच कमाल वजनात जास्त ऊर्जा साठते. ह्याची किंमतही आहे. वळणाचा भाग काम करत नाही, म्हणून वाकण्याचा सगळा भार उरलेल्या आखूड भुजेवर पडतो. शिवाय टोक जरा जरी तिरके वळले असेल तरी दोरी वळणावरून घसरते. गाठाळ लाकडात रिकर्व्ह करणे अवघड मानले जाते ते ह्या दुसऱ्या कारणामुळे.

फाळका निवडताना

ओंडका पाचरी ठोकून उभा फोडला की जो लांब तुकडा मिळतो त्याला इथे फाळका म्हणू. करवतीने कापण्यापेक्षा फोडलेला बरा, कारण फुटताना लाकूड आपल्या तंतूंच्याच मार्गाने फुटते आणि तंतू कुठे जातात ते लगेच दिसते. ओंडका १५ सेंटीमीटर किंवा अधिक व्यासाचा असावा. फार बारीक खोडाची पाठ इतकी गोलाकार असते की सगळा ताण मधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर येतो.

ओसेज ऑरेंज हे ह्या कामाचे सर्वांत सोशिक लाकूड. तुती त्याच्याच कुळातली, थोडी हलकी, पण वागणूक जवळपास तशीच. ब्लॅक लोकस्टही चालते, मात्र त्याच्या पोटावर दाबाच्या बारीक चिरा लवकर पडतात. यू हे वेगळ्या जातीचे प्रकरण आहे: त्याचा फिकट बाह्यभाग पाठीला आणि लालसर गाभा पोटाला ठेवतात. हिकरी, ॲश, एल्म ह्या पांढऱ्या लाकडांत सालीखालचा पृष्ठभाग हीच तयार पाठ असते. डेन्मार्कमधल्या होल्मगार्डच्या दलदलीत १९४४ मध्ये सापडलेली अश्मयुगीन धनुष्ये एल्मची आहेत, त्यामुळे ह्या लाकडांना दुय्यम समजण्याचे कारण नाही. त्यांना रुंदी जास्त लागते, एवढेच.

कोणता वाकडेपणा चालतो? बाजूला जाणारी नागमोड चालते. पाठ-पोटाच्या दिशेने येणाऱ्या लाटा चालतात. घट्ट, जिवंत गाठी चालतात. टोके आपसूकच पाठीकडे झुकलेली असतील तर ती देणगीच समजा. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत २० अंशांपर्यंतचा पीळ उष्णतेने बहुतेक काढता येतो. न चालणाऱ्या गोष्टी कमी आहेत, पण त्यांत तडजोड नको. वाळताना पडलेली भेग तंतूंच्या दिशेने भुजेच्या मधून जात असेल तर ठीक, पण ती तिरकी जाऊन कडेबाहेर पडत असेल तर तो फाळका बाजूला ठेवा. कुजट लाकूड नको. आणि रिकर्व्हसाठी आणखी एक अट: दोन्ही टोकांचे शेवटचे २० सेंटीमीटर शक्य तितके स्वच्छ हवेत. भुजेच्या मध्यावरची गाठ सांभाळता येते. वाफेवर वाकवायच्या जागेवरची गाठ बहुतेक वेळा फुटते.

फाळका फोडल्या दिवशीच दोन्ही टोकांना गोंद, शेलॅक किंवा जाड रंगाचा लेप द्या. टोकांतून पाणी झपाट्याने उडते आणि तिथूनच भेगा सुरू होतात. साल काढली असेल तर पाठीलाही लेप द्या. वाळण्याचा ढोबळ हिशेब म्हणजे एक इंच जाडीला एक वर्ष. ढोबळ आकार तासून ठेवला तर बराच कमी वेळ पुरतो. लाकडातला ओलावा ८ ते १० टक्क्यांवर यायला हवा. मीटर नसेल तर दर आठवड्याला वजन करा. सलग काही आठवडे वजन उतरले नाही की लाकूड भोवतालच्या हवेशी जुळले असे समजा. ओलसर लाकडाचे धनुष्य मोडत नाही, पण बाक धरते, आणि हा दोष नंतर कितीही घासले तरी जात नाही.

पाठ: एकच वलय, टोकापासून टोकापर्यंत

ओसेज, तुती, लोकस्ट ह्यांत पाठीवर वाढीचे एकच वलय अखंड राहिले पाहिजे. प्रत्येक वलयाचे दोन थर असतात. वसंतात वाढलेला थर सच्छिद्र आणि ठिसूळ, उन्हाळ्यात वाढलेला दाट आणि चिवट. पाठ म्हणून हा दाट थर हवा. फाळक्याच्या टोकाकडे बघून गाभ्यातले किमान २ ते ३ मिलिमीटर जाडीचे वलय निवडा आणि त्यावर पेन्सिलीने खूण करा. बारीक वलयांवरही धनुष्य होते, पण चुकून खालच्या वलयात उतरण्याची भीती सतत राहते.

साल आणि फिकट बाह्यभाग ड्रॉ-नाइफने, म्हणजे दोन मुठींच्या, आपल्याकडे ओढायच्या पात्याने काढायचा. निवडलेल्या वलयाच्या वरच्या वलयापर्यंत थोडी घाई चालते. त्यापुढे कानावर लक्ष ठेवा. सच्छिद्र थरात पाते करकरते आणि भुसा पडतो, दाट थरात लांब गुळगुळीत काप निघतो. करकर सुरू झाली की आपण दोन वलयांच्या सीमेवर आहोत. तो शेवटचा सच्छिद्र पापुद्रा पोलादी स्क्रेपरने खरवडून काढा, धारदार पात्याने नको.

गाठीपाशी वलय वर उचलले जाते, नकाशावर टेकडीभोवती समोच्च रेषा दिसतात तसेच. म्हणून गाठीवर उंचवटा राहणारच आणि तो राहिलाच पाहिजे. सपाट करण्याचा मोह झाला की तेथील तंतू कापले गेले समजा. आधी प्रत्येक गाठीभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढा, बाकीची पाठ पूर्ण करा आणि गाठी शेवटी घ्या. गाठीकडे दोन्ही बाजूंनी, चढ चढल्यासारखे, लहान स्क्रेपरने जा. गाठ ओलांडून पुढे ओढले तर पाते खाली घुसते आणि दोन वलये एकदम निघतात. टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठींचा झुपका असेल तर त्या सगळ्यांवर मिळून एकच बेट उंच ठेवा. गाठीचा गाभा सैल किंवा कुजलेला असेल तर तो कोरून टाका. भोवतालचे तंतू निरोगी असतील तर भोक राहिले तरी चालते. इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून ते बुजवतात, पण ते दिसण्यापुरते आणि पाणी आत जाऊ नये म्हणून. त्याने बळ येत नाही.

वलय कुठे तुटलेच तर दोन मार्ग आहेत. जाडी पुरत असेल तर आख्खी पाठ एक वलय खाली न्या. पुरत नसेल तर पाठीवर पातळ कच्चे चामडे चिकटवा. चामडे ढलपी उठण्यापासून रोखते, पण खोल कापलेली जागा ते वाचवू शकत नाही.

आखणी

आता पाठीवर मध्यरेषा काढायची. पट्टी बाजूला ठेवा. पाठीवरच्या छिद्रांच्या बारीक रेघा, वाळताना पडलेल्या केसासारख्या भेगा, ह्या तंतूंचा मार्ग दाखवतात. दर ५ सेंटीमीटरवर, तंतूंचा एकच माग धरून टिंब द्या आणि टिंबे जोडा. येणारी नागमोडी रेघ हीच मध्यरेषा. प्रत्येक टिंबापाशी तिला काटकोनात दोन्हीकडे निम्मी निम्मी रुंदी मोजा. त्या कडेला पट्टीने सरळ केलेत तर जिथे नागमोड असेल तिथे तंतू कडेबाहेर पडतील, आणि ढलपी नेमकी तिथूनच उठेल.

मापांची सुरुवात अशी धरता येते. २८ इंच ओढीसाठी धनुष्याची लांबी ६४ ते ६६ इंच. मूठ ४ इंच, तिच्या दोन्ही बाजूंना भुजेकडे उतरणारे उतार प्रत्येकी २ इंच. ओसेज किंवा तुतीत भुजेची कमाल रुंदी ३८ ते ४० मिलिमीटर, पांढऱ्या लाकडात ४५ ते ५०. ही रुंदी भुजेच्या मध्याच्या थोडे पुढेपर्यंत कायम ठेवून मग टोकाकडे निमुळती करत १५ मिलिमीटरवर आणा. टोके पुढे आणखी बारीक होतील, पण वाकवण्याआधी नको. आधी बारीक केली आणि वळण तिरके बसले तर दुरुस्तीला लाकूडच उरत नाही.

गाठीपाशी मात्र रुंदी वाढवायची. गाठ भुजेच्या आत असेल तर तिच्या व्यासाएवढे लाकूड कडेला जास्त ठेवा, म्हणजे तंतू तिला वळसा घालून अखंड पुढे जातील. कडेवर येणारी गाठ अर्धी कापू नका. एकतर रेघ थोडी सरकवून ती पूर्ण आत घ्या, नाहीतर पूर्ण बाहेर टाका. अर्धी गाठ म्हणजे कडेवर मुद्दाम मारलेली खाच.

शेवटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा. भुजा वाटेत डावी-उजवीकडे कितीही हिंडोत, दोरा मुठीच्या मध्यातून गेला पाहिजे. दोन-अडीच सेंटीमीटरपर्यंतचा फरक उष्णतेने भुजा बाजूला वाकवून काढता येतो. त्याहून जास्त असेल तर मुठीची जागा दोन-चार सेंटीमीटर वरखाली सरकवून पाहा. अनेकदा तेवढ्याने प्रश्न मिटतो.

जाडी: पोट पाठीच्या मागे

ह्या कामातली सर्वांत जास्त होणारी चूक इथे होते. पाठ लाटांसारखी वरखाली असताना पोट रंध्याने सपाट केले जाते. मग उंचवट्याखाली भुजा जाड, खळग्याखाली पातळ. भुजेचा ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो. जाडी १० टक्के घटली तर ताठपणा सुमारे २७ टक्के घटतो. रुंदी १० टक्के कमी केली तर फरक पडतो तो १० टक्क्यांचाच. १४ मिलिमीटरच्या भुजेत दीड मिलिमीटर म्हणजे किरकोळ, असे वाटते. पण तेवढ्यानेच भुजा त्या जागी बिजागरीसारखी दुमडते.

म्हणून पाठ जशी जाते तसेच पोट गेले पाहिजे. दोन्ही कडांवर, पाठीपासून मोजून, दर ५ सेंटीमीटरवर जाडीची खूण करा: उताराच्या शेवटी १८ मिलिमीटर, तिथून हळूहळू उतरत टोकाकडे १४ ते १५. खुणा जोडणारी रेघ लाटांसह वरखाली जाईल. आधी दोन्ही कडांना ह्या रेघेपर्यंत उतरते तासा. मधे छपरासारखा उंच कणा राहतो, तो शेवटी काढा. असे केल्याने कडेला जास्त खोल जाण्याची भीती राहत नाही. गाठ असलेल्या जागी जाडी अर्धा ते एक मिलिमीटर जास्त सोडा. खळग्यांत मोठा रंधा किंवा लांब रास्प (जाड दातांची कानस) पोहोचत नाही. तिथे गोलसर रास्प आणि वाकवता येणारा स्क्रेपरच कामाचा.

मग टोक जमिनीवर टेकवून, मूठ धरून भुजा हळूच दाबा. एवढ्यात सुंदर कमान दिसायला नको आहे. भुजा थोडी वाकते आहे आणि कुठेही कोपरा पडत नाही, इतकेच पुरे. पाठीच्या कडा ह्याच टप्प्यावर ३ मिलिमीटरपर्यंत गोल करून घ्या. तीक्ष्ण कडेवरचा तंतू सर्वांत आधी सुटतो.

पीळ आणि बाजूचा वाकडेपणा आत्ता काढायचा. पृष्ठभागाला थोडे तेल किंवा चरबी चोळा, म्हणजे लाकूड करपत नाही. हीट गन ८ ते १० सेंटीमीटर दूर धरून सतत हलवत राहा. लाकूड हात ठेवता येणार नाही इतके आणि आतपर्यंत तापायला हवे. जाड भागाला १० ते १५ मिनिटे सहज लागतात. मग क्लॅम्पने हव्या त्यापेक्षा थोडे पुढे वळवून पूर्ण थंड होऊ द्या. ह्यानंतर दोन-तीन दिवस धनुष्य वाकवू नका. उष्णतेने लाकडातले पाणी उडालेले असते आणि कोरडेठाक लाकूड काडीसारखे तुटते.

टोके वाकवणे

रिकर्व्ह दोन प्रकारचे. एकात वळण जाड आणि ताठ राहते, ओढताना उलगडत नाही. दुसऱ्यात ते पातळ असते आणि ओढीबरोबर थोडे उलगडते. गाठाळ लाकडात पहिला प्रकार घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. उलगडणाऱ्या वळणात तंतू दोन्ही बाजूंनी निर्दोष लागतात, आणि ते पातळ असल्यामुळे सहज पिळवटते. ताठ वळण एकदा रेषेत बसले की बसले.

शेवटचे १२ ते १५ सेंटीमीटर, ४० ते ५० अंशांत वळवणे पुरेसे. लाकडाचा साचा करा. त्याच्या वळणाची त्रिज्या १० सेंटीमीटरच्या आसपास ठेवा आणि कोन हव्या त्यापेक्षा थोडा जास्त, कारण साच्यातून काढल्यावर वळण जरासे उघडते. दोन्ही टोकांना हाच साचा वापरा.

वाकवताना ताण उलटतात, हे पक्के ध्यानात ठेवा. टोक पाठीकडे वळते म्हणजे वळणावर पाठ आत दबते आणि पोटाची बाजू बाहेर ताणली जाते. म्हणून इथे ढलपी उठते ती पोटावर. रास्पची एकही रेघ तिथे राहू देऊ नका, स्क्रेपरने गुळगुळीत करा. शक्य असेल तर वळणाच्या जागी पोटावरही वलय तिरके कापले जाणार नाही अशी जाडी ठेवा. वाकवण्याच्या वेळी पोटावर पातळ पोलादी पट्टी लावून ती टोकासह क्लॅम्पने आवळा. तंतूंना बाहेर उठायला जागाच राहत नाही.

वाफेचा हिशेब एक इंच जाडीला एक तास. १५ मिलिमीटरला ३५ ते ४५ मिनिटे. टोक उकळत्या पाण्यात बुडवले तरी चालते. साचा, पट्टी आणि क्लॅम्प आधीच उघडून मांडून ठेवा. बाहेर काढल्यापासून हातात दहा-पंधरा सेकंदच असतात. पट्टी लावा, टोक साच्याच्या खोबणीत अडकवा आणि एका संथ, न थांबणाऱ्या हालचालीत वाकवा. मध्येच थांबलात तर तिथे कोपरा पडतो. आवळून झाले की वरून बघून टोक मुठीशी सरळ आहे का ते लगेच तपासा. गरम असताना हाताचा हलका रेटा पुरतो, थंड झाल्यावर पुन्हा सगळा खटाटोप.

क्लॅम्प एक दिवस राहू द्या. मग दोन आठवडे टोके मोकळी वाळू द्या. वाफेने बराच ओलावा आत शिरलेला असतो आणि घाईने दोरी चढवली तर वळण उलगडते. पोटावर छोटी ढलपी उठलीच तर तिच्याखाली पातळ सुपरग्लू सोडून दाबा आणि वर दोऱ्याचे घट्ट वेढे द्या. ताठ वळणात त्या जागेला फारसे वाकायचे नसते, म्हणून ही दुरुस्ती टिकते. पाठीच्या आतल्या वळणावर बारीक सुरकुत्या दिसल्या तर तिकडे दुर्लक्ष करा.

टिलरिंग

दोन्ही भुजा सारख्या आणि सलग वाकतील असे पोटावरून थोडे थोडे लाकूड काढत जाणे म्हणजे टिलरिंग. पाठीला आता हात लावायचा नाही. धनुष्य भिंतीवरच्या आधारावर मुठीशी टेकवायचे, दोरी कप्पीतून खाली आणायची आणि तीन मीटर दूर उभे राहून ओढायचे. डोळ्यांना चष्मा असावा. ओसेजची धूळ त्वचेला त्रास देते आणि यूची धूळ विषारी असते, म्हणून घासताना मास्कही हवा.

सुरुवातीला लांब, सैल दोरी लावतात. रिकर्व्हमध्ये ती फसवते, कारण वळणावर टेकत नसल्याने भुजांना वेगळ्याच कोनातून ओढते. म्हणून तिच्यावर फार वेळ घालवू नका. भुजा साधारण सारख्या वाकू लागल्या की नेमकी दोरी लावून मुठीपासून ८ ते १० सेंटीमीटर अंतरावर चढवा आणि पुढचे काम तिच्यावर करा. शेवटी हे अंतर १५ ते १७ सेंटीमीटर होईल.

नियम सोपा, पाळायला कठीण: ठरवलेल्या वजनापलीकडे कधीही ओढायचे नाही. ४५ पौंडांचे धनुष्य करायचे असेल तर १५ इंचांवरच ४५ पौंड लागले तर तिथेच थांबा, उतरवा, खरवडा. खरवडल्यानंतर २५-३० वेळा अर्धवट ओढून सोडा, मग पाहा. लाकडाला बदल दाखवायला एवढा वेळ लागतो. ह्या ओढी न देता एकामागून एक खरवडत गेले की भुजा अचानक सैल पडते.

कमान कशी दिसायला हवी? मूठ आणि उतार स्थिर, भुजेचा मधला भाग सर्वांत जास्त वाकणारा, आणि वळणाच्या अलीकडचे ५-७ सेंटीमीटर जरा ताठ. तिथे रुंदी कमी झालेली असते आणि टोकाच्या तरफेचा झटका तिथेच बसतो. ती जागा वाकू लागली तर वळणच पाठीमागे कोलमडते.

सरळ लाकडात हे डोळ्यांना दिसते. लाटा असलेल्या लाकडात डोळा धोका देतो. मुळातच खळगा असलेली जागा ओढल्यावर दुमडल्यासारखी दिसते आणि उंचवटा ताठ दिसतो, मग माणूस भलत्याच जागी खरवडतो. इथे आकाराकडे न बघता आकारात झालेल्या बदलाकडे बघायचे. धनुष्यामागे मोठा कागद लावा. उतरवलेल्या धनुष्याची बाह्यरेषा पेन्सिलीने काढा. मग दोरी चढवून त्याच जागी टेकवून दुसरी रेषा काढा. ५ इंच लांबीची छोटी पट्टी पोटावर ठराविक खुणांवर ठेवून तिच्याखालची फट दोन्ही अवस्थांत मोजली तर आकडेच मिळतात. फट ज्या खुणेपाशी इतरांपेक्षा कमी बदलली ती जागा ताठ. तिथे खरवडा. जिथे जास्त बदलली तिथे पेन्सिलीने फुली मारा आणि तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढा. फुलीवर पाते टेकवू नका.

दुसरा साक्षीदार म्हणजे कायमचा बाक. दर काही फेऱ्यांनंतर धनुष्य उतरवून मूळ रेषेशी ताडून पाहा. बाक जिथे आला तिथे लाकूड जास्त राबते आहे. एकूण बाक २-३ सेंटीमीटरच्या आत राहिला तर काम चांगले झाले. पोटावर आडव्या, केसासारख्या रेघा दिसल्या तर तिथे तंतू चुरले आहेत. ह्या रेघा बहुधा गाठीच्या शेजारी किंवा बिजागरीच्या जागी येतात. त्या घासून पुसण्याचा प्रयत्न केला तर जागा आणखी पातळ होते. बाकीची भुजा हलकी करून तिचा भार कमी करा आणि अपेक्षित वजन चार-पाच पौंडांनी उतरवून घ्या.

नागमोडी भुजा ओढताना पिळवटते. टोक ज्या बाजूला सरकते ती बाजू कमजोर असते, म्हणून लाकूड विरुद्ध कडेच्या पोटावरून काढायचे. अंगठ्याएवढ्या पट्ट्यात, दोन-चार फटकारे, मग पुन्हा ओढून पाहणे. इतक्याने न सुटणारा थोडा तिरकेपणा दोरीच्या खाचेची जागा सरकवून भागवता येतो. ह्यासाठीच टोके इतका वेळ १५ मिलिमीटर ठेवायची होती. दोरी मुठीच्या मध्यावर स्थिरावली की मग टोके ९ ते १० मिलिमीटरपर्यंत उतरवा. रिकर्व्हच्या टोकातला प्रत्येक ग्रॅम बाणाचा वेग खातो, पण तिरक्या टोकाइतका तो महाग पडत नाही. वळणाच्या पोटावर, दोरी जिथे टेकते तिथे, गोल कानशीने उथळ पन्हळ करा. दोरी तिच्यात बसते आणि घसरत नाही.

खालची भुजा वरचीपेक्षा किंचित ताठ ठेवतात, कारण बोटे बाणाच्या खालीही असतात आणि हाताचा जोर मुठीच्या मध्याखाली येतो. मूठ-उताराच्या टोकापाशी दोरीपर्यंतचे अंतर वर ३ ते ५ मिलिमीटर जास्त असले की झाले. पूर्ण ओढीच्या दोन इंच अलीकडेच ठरवलेले वजन लागत असेल तेव्हा रास्प कायमचा खाली ठेवा. उरलेले स्क्रेपर आणि पॉलिश पेपर खाणार आहेत.

दोरी, लेप आणि पहिले बाण

टोकांवर शिंग, हाड किंवा कठीण लाकडाची छोटी चकती चिकटवून तिच्यात खाच करा. नुसत्या लाकडात खाच केली तर पाठीचे वलय कापले जाते आणि दोरी हळूहळू आत रुतते. ४५ पौंडांना डॅक्रॉनच्या १२ ते १४ पेडांची दोरी ठीक. हा धागा थोडा ताणतो, त्यामुळे टोकांना बसणारा धक्का सौम्य राहतो. अगदी न ताणणारे आधुनिक धागे ह्या धनुष्याला लावायचे असतील तर टोकांवरची चकती भक्कम हवी.

२२० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासा. गाठींच्या बेटांभोवती कागद बोटाने फिरवा, ठोकळ्याने नको. मग तेल-व्हार्निशचे चार-पाच पातळ लेप द्या. लेपाचे काम हवेतला ओलावा लाकडात शिरण्याचा वेग कमी करणे हे आहे, म्हणून गाठीतली भोके, खाचा आणि मुठीखालचे लाकूडही सोडू नका.

दोरी चढवताना पायात अडकवून वाकवण्याची पद्धत रिकर्व्हला लागू नाही, तिने भुजा पिळवटते. दोन्ही टोकांना खोळी असलेली चढवायची दोरी वापरा. बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही, सगळी ऊर्जा भुजांतच राहते आणि गाठीपाशी फुटते. बाण फार हलकाही नको. एका पौंडाला १० ग्रेन धरले तर ४५ पौंडांना ४५० ग्रेन, म्हणजे सुमारे २९ ग्रॅम. पहिले शंभर बाण पूर्ण ओढीपेक्षा दोन-तीन इंच कमी ओढून मारा, आणि दर वीस-पंचवीस बाणांनंतर गाठींच्या भोवती नखाने आणि वळणाच्या पोटावर कापसाचा बोळा फिरवून पाहा. कापूस कुठे अडकला तर तिथे ढलपी उठू लागली आहे: सुपरग्लू, दोऱ्याचे वेढे, एक दिवस विश्रांती आणि मग पुन्हा कागदावरच्या रेषेशी तपासणी.